उजव्या कोपऱ्यातला काळा

मी एक जुना चित्रग्रंथ आहे. कापडी बांधणीचा, दोन हातांनी उचलावा लागेल इतका जड, आणि स्वभावाने थोडा गर्विष्ठ. मित्रांनो, माझ्यासारखे बहुतेक जण आपली कहाणी सांगायला बसले की आधी स्वतःचं कौतुक करतात आणि मग रडगाणं गातात. मीही थोडं गाईन, तेवढा माझा हक्क आहे. पण त्याआधी एक कबुली देतो. मी एकदा खोटी साक्ष दिली आहे. त्या साक्षीमुळे एका मोठ्या चित्रकाराचं चित्र कायमचं बिघडणार होतं, आणि मी उघडा पडून ते नुसता बघत होतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझ्यात ज्यांची चित्रं आहेत ते चित्रकार तेव्हा हयात होते, म्हातारे झाले होते. त्यांच्या चित्रांत माणसं नसत, झाडं नसत, डोंगरामागून उगवणारा सूर्य तर मुळीच नसे. नुसत्या रंगांच्या चौकटी आणि पट्टे. "हे काय काढलंय?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "तुम्हाला काय दिसतं ते आधी सांगा, मग भांडू."

त्यांचं सगळ्यात नावाजलेलं चित्र म्हणजे 'सामान नेल्यानंतर'. भिंतीएवढा मोठा कॅनव्हास. त्यावर उन्हाने उडालेला पिवळा रंग, मधे कपाट होतं तिथला उजळ चौकोन, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ओंजळभर काळा. तो काळा त्यांनी ट्यूबमधून काढला नव्हता. भांड्यांच्या बुडाची काजळी खरवडून, तेलात कालवून, तळहाताने कॅनव्हासवर चोळली होती.

छापखान्यात निगेटिव्हवरचे डाग काढणारे एक अण्णा होते. भारी काटेकोर माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानावर माशीएवढा ठिपका सापडला तर नाव बदलीन, असं ते म्हणत. त्यांच्यापुढे या चित्राची निगेटिव्ह आली. अण्णांनी कोपऱ्यातला काळा पाहिला आणि त्यांना चित्राची दया आली. इतकं देखणं चित्र, आणि कुणीतरी तेलकट हात पुसलाय! अख्खी दुपार खपून, बारीक ब्रशने, त्यांनी तो कोपरा स्वच्छ पिवळा करून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. निव्वळ चांगुलपणाने केलं.

मशीन सुरू झालं आणि तेवढ्यात चित्रकार आले. त्यांनी ओला कागद उचलला.

"कोपरा कुठाय?"

"साफ केला, साहेब," अण्णा हसून म्हणाले. "फार मळला होता."

चित्रकार कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण ते कागदाच्या स्वच्छ कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले. "मळला नव्हता हो," ते शेवटी म्हणाले. "तिथे माझी आई स्वयंपाक करायची."

अण्णांचा चेहरा उतरला. मशीन थांबलं, दुसऱ्या दिवशी नवी प्लेट झाली, कोपऱ्यात काळा परत आला. चुकीचे कागद रद्दीत टाकायला सांगितले. पण बांधणीच्या वेळी थोडे कागद कमी भरले, तेव्हा बाइंडरने रद्दीतलेच दहा-बारा उचलले. "कुणाला कळतंय? उलट हेच जास्त स्वच्छ आहेत," असं म्हणून त्याने सुई ओवली. मित्रांनो, त्या दहा-बारा प्रतींपैकी एक मी. एकतिसाव्या पानावरचं माझं चित्र खोटं आहे, आणि ते मला जन्मापासून ठाऊक आहे.

पुढची वर्षं मजेत गेली. चित्रकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझ्यासाठी स्वतंत्र टेबल होतं. मुलं रांग लावत. एकतिसावं पान उघडलं की म्हणत, "किती शांत चित्र आहे!" कित्येकांनी त्याची नक्कल केली, आणि कोपरा पिवळाच ठेवला. आधी मला लाज वाटे. मग कौतुक अंगवळणी पडलं आणि लाज वाटेनाशी झाली. खरं सांगतो, खोटेपणाची सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत.

माझ्या शेवटी एक लांबलचक लेखही आहे. एका समीक्षकाने एकेका चित्रासमोर तासन्‌तास उभं राहून तो लिहिला होता. पण औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी जितकी वाचली जाते, तितकाच तोही वाचला गेला. सगळे माझी चित्रं बघत आणि मला मिटून टाकत.

मग दिवस पालटले. चित्रं पडद्यावर दिसू लागली. माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. माझा कणा सैल पडला, कसरीने पुठ्ठा चाखला. ओले कागद सपाट करायचे असले की तेवढ्यापुरती माझी आठवण निघे.

असं असताना एक दिवस मला खाली काढलं, पुसलं आणि गाडीत घालून नगरपालिकेच्या सभागृहात नेलं. तिथल्या भिंतीवर मूळ चित्र होतं. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पण ते ओळखू येत नव्हतं. खालच्या उपाहारगृहाला आग लागली होती. आग विझली, पण धूर वर आला आणि भिंती, छत, चित्र सगळं तपकिरी करून गेला. उजव्या कोपऱ्याशी तर जिनाच होता, त्यामुळे तिथे धूर सगळ्यात दाट बसला होता.

चित्र साफ करायला एक ताई आल्या होत्या. तरुण, अबोल, हात इतका हलका की कापसाचा बोळा फिरला तरी आवाज होत नसे. चित्राच्या जुन्या नोंदी आगीत गेल्या होत्या. माझी दुसरी प्रत कुठे मिळते का, हेही त्यांनी विचारून पाहिलं होतं. मिळाली नाही; पडद्यावर सापडली ती चित्रंही माझ्याच पानावरून घेतलेली. चार दिवसांनी सभागृह पुन्हा उघडणार होतं. म्हणून त्यांची सगळी भिस्त माझ्यावर. त्या माझं एकतिसावं पान बघत, मग चित्र बघत, मग बोळा उचलत. पिवळा मोकळा झाला, उजळ चौकोन मोकळा झाला. राहिला तो उजवा कोपरा.

सभागृहात एक राखणदार काका होते. वीस वर्षं त्यांची खुर्ची या चित्रासमोर होती. ते जवळ येऊन म्हणाले, "ताई, एक बोलू? तो कोपरा आगीच्या आधीपासून काळाच होता."

ताईंनी मला त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा काका. इथे स्वच्छ आहे."

काकांनी बघितलं.

"पण मी रोज बघत होतो हो," ते म्हणाले. "तिथे कुणीतरी चूल विझवून आत्ताच उठून गेलंय असं वाटायचं मला."

"आग लागल्यावर असं होतं, काका. नंतरचं आठवतं ते आधीचंच वाटायला लागतं. आणि हे छापलेलं आहे."

छापलेलं आहे! या दोन शब्दांपुढे भलेभले गप्प बसतात. काकाही बसले. वीस वर्षांची नजर एका पानापुढे हरली, आणि ते पान माझं होतं. त्यांनी डोळे चोळले. आपणच चुकत असू, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण म्हातारा चिवट होता. ताई बाटल्या मांडत होत्या, तेवढ्यात ते म्हणाले, "ते पुस्तक जरा वाचायला द्याल?"

"वाचायला? चित्रांचं आहे ते."

"मागे अक्षरं दिसतायत की."

"घ्या. हात मात्र कोरडे असू द्या."

काका खुर्चीत बसले आणि मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझा लेख वाचायला बसलेला तो पहिला माणूस. मला आनंद व्हायला हवा होता. पण काका बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचणारे. तेही अगदी सुरुवातीपासून. आभाराचं पानसुद्धा सोडलं नाही. आणि जे वाक्य वाचायला हवं होतं ते होतं अडुसष्टाव्या पानावर.

समोर ताईंनी पहिला बोळा भिजवला. जिन्याकडच्या कडेपासून सुरुवात केली. बोळा तपकिरी झाला. तो धूर होता, तोवर ठीक होतं. दुसरा बोळा तपकिरी. तिसरा तपकिरी. काका प्रस्तावनेत होते. चित्रकारांचं बालपण आलं, शिक्षण आलं, पहिलं प्रदर्शन आलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मला वाटत होतं, आपण दाणकन जमिनीवर पडावं आणि अडुसष्टाव्या पानावर उघडावं. पण पुस्तकाला हात नसतात. उचलणारा उचलेल तिथे जायचं आणि उघडणारा उघडेल तेच बोलायचं.

सातवा बोळा काळा निघाला. तपकिरी नाही, गडद काळा. ताई थबकल्या. त्यांनी तो उजेडात धरला, बोटांत फिरवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी मनात म्हटलं, थांब, बाई, थांब!

"काका," त्यांनी हाक मारली, "ते चित्राचं पान दाखवा बरं."

काकांनी वाचता वाचता बोट काढलं, एकतिसावं पान उघडलं आणि मला दोन्ही हातांनी उंच धरलं. जो माणूस कोपरा वाचवायला धडपडत होता, त्याच्याच हातून मी पुन्हा खोटं बोललो. कोपरा स्वच्छ, पिवळा, निर्मळ. ताईंनी मान डोलावली. "धूर खोलवर गेलाय," त्या स्वतःशी पुटपुटल्या आणि आठवा बोळा घेतला.

काकांची वाचायची जागा हरवली होती. ते पानं पुढे-मागे करू लागले. नववा बोळा. दहावा.

"ताई, पुस्तकात या चित्राचं नाव काय दिलंय हो?"

"सामान नेल्यानंतर," ताई मान न वळवता म्हणाल्या.

मग काकांनी ओळीन्‌ओळ वाचणं सोडलं. नुसतं ते नाव शोधत बोट वरून खाली सरकवू लागले. साठावं पान. चौसष्टावं. एकदा दोन पानं एकदम उलटली, त्यातच अडुसष्टावं होतं. पण काकांनी ती सोडवली, पुन्हा मागे आले, आणि त्यांचं बोट थांबलं. ते मोठ्याने वाचू लागले.

"'सामान नेल्यानंतर. उजव्या कोपऱ्यातला काळा अंगठ्याने झाकून पाहा. उरते ती नुसती रिकामी भिंत. अंगठा काढा, आणि इथे कुणीतरी रोज कुणासाठी तरी रांधत होतं हे कळतं. चित्रकाराने ही काजळी तळहाताने...' ताई! हात थांबवा!"

ताईंचा हात हवेतच राहिला. त्या धावत आल्या. त्यांनी लेख वाचला, एकतिसावं पान पाहिलं, पुन्हा लेख वाचला. एकाच पुस्तकाला दोन तोंडं! कुणावर विश्वास ठेवायचा? त्या क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. मला खाली ठेवलं आणि मूळ चित्राकडे गेल्या. दिवा तिरका धरला, भिंग डोळ्याला लावलं आणि नाक टेकेल इतक्या जवळ वाकल्या.

कितीतरी वेळ त्या हलल्या नाहीत.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हाताच्या रेषा आहेत इथे."

काका जवळ जाऊन उभे राहिले. त्यांना भिंगातून काही नीट दिसलं नसावं, पण ते म्हणाले, "असणारच. धूर काय हात टेकवून बसतो?"

ताई हसल्या नाहीत. त्या खाली फरशीवर बसल्या. "दोन बोटं रुंद काळा पुसला मी, काका. तो आता परत येत नाही. तुम्ही सकाळीच सांगितलं होतंत."

काका गुडघे धरत त्यांच्याशेजारी बसले. "मलाही शेवटी पुस्तकच खरं वाटायला लागलं होतं," ते म्हणाले.

बाकीचा काळा वाचला. जो दोन बोटं रुंदीचा गेला तिथे आज फिकट पट्टा दिसतो. तिथे नवी काजळी भरून द्या, कुणाला कळणार नाही, असं कुणीतरी सुचवलं. ताईंनी साफ नकार दिला. ग्रंथालयात मला परत देण्याआधी त्यांनी पेन्सिल काढली आणि एकतिसाव्या पानाच्या मोकळ्या समासात लिहिलं: 'हे छायाचित्र चुकीचं आहे. मूळ चित्रात उजवा कोपरा काळा आहे. राखणदार काकांनी मला सांगितलं होतं. तरी त्यातला दोन बोटं काळा मी माझ्या हाताने पुसला.' खाली तारीख घातली. मित्रांनो, माझ्या अंगावर इतकी वर्षं इतके रंग होते, पण मला पहिल्यांदा हलकं वाटलं ते त्या चार ओळींनी.

आता मला पुन्हा खालच्या फळीवर जागा मिळाली आहे. पुस्तकाने शेवटी मुलांना काय सांगायचं असतं ते मला माहीत आहे. पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, कोऱ्या जागेत लिहू नका. खरंच करू नका, मला त्रास होतो. चित्रं बघा, मागची अक्षरंही वाचा, आणि जमलं तर मला मिटून मूळ चित्रासमोर जाऊन उभे राहा. काका अजून तिथेच बसतात. त्यांना विचारलंत तर ते सांगतील.

पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. परवा तुमच्यातलाच एक गुणी मुलगा एकतिसावं पान उघडून बसला होता. त्याने समासातलं लिखाण पाहिलं, 'कुणी हे छान पुस्तक घाण केलं?' असं म्हणत तो चुकचुकला, आणि मला स्वच्छ करावं म्हणून त्याने पिशवीतून खोडरबर काढला. तेवढ्यात घंटा झाली म्हणून बरं. बाळांनो, तुमचं मन चांगलं आहे, मला कळतं. पण हात जरा आवरा. पुसण्याआधी वाचा.