कुंकवाखालचा काटा

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या लाल रंगाचे आता जागोजाग पोपडे निघतात, तेव्हा मला जुना म्हणायला काही हरकत नाही. मी आग विझवायचा बाटला. तुमच्या शाळेच्या जिन्याखालीही माझं एखादं भावंड धूळ खात टांगलेलं असेल. माझा स्वभाव जरा चिडका आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पोटात जन्मभर दाब कोंबून ठेवलाय, त्याने गोड बोलावं तरी कसं?

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, सांधला, रंगवला. पोटात पांढरी पावडर भरली आणि वर दाबून गॅस. मानेजवळ एक छोटं गोल घड्याळ बसवलं, त्यात एकच काटा. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर मी कामाचा. लाल पट्ट्यात गेला तर मी नुसतं शोभेचं भांडं. मुठीत एक पिन असते. ती ओढायची, मूठ दाबायची, झालं. इतकं सोपं आहे, पण सोपं ते कुणी शिकून घेतं होय!

खोडाळ्याला मी आलो तो एका नियमामुळे. बाजाराच्या टोकाला जयवंतीताई आणि तिचा नवरा गोकुळ यांची भाताची गिरणी आहे. गिरणीचा विमा हवा तर भिंतीवर असा बाटला पाहिजे, असं विमा कंपनीने सांगितलं. म्हणून गोकुळने मला आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. कंपनीचा माणूस आला, दारातूनच फोटो काढला, चहा प्याला आणि गेला. पुढे दरवर्षी तेच. फोटो, चहा, विमा.

पहिल्याच दसऱ्याला जयवंतीताईने मोटरला हळदकुंकू वाहिलं, पट्ट्याला फूल खोचलं आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. "हा पण राखणदारच की!" असं म्हणून तिने माझ्या घड्याळावर कुंकवाचं भलंमोठं बोट ओढलं. मुठीला लाल नाडा गुंडाळला, त्यात भाताची लोंबी खोवली. पाड्यावरचा म्हातारा सावळाबाबा तेव्हा भात घेऊन आला होता. धान्याची देवी कणसरी, तिचा त्याला मोठा आदर. "ही कणसरीची राखण आहे," असं म्हणून त्याने मला हात जोडले. मग काय, येणारा प्रत्येक जण पोतं खाली ठेवून आधी माझ्या पाया पडू लागला.

बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण दर दसऱ्याला नाड्यावर नाडा चढला, कुंकवावर कुंकू बसलं. पिन दिसेना, काटा दिसेना. आतला दाब हळूहळू सुटत होता आणि मी ओरडत होतो, "अरे, जरा माझ्याकडे बघा रे!" भिंतीवरच्या बाटल्याचं कोण ऐकतं?

दिवाळी झाली की गिरणीत पाय ठेवायला जागा उरत नाही. आजूबाजूच्या पाड्यांवरून नवं भात येतं. गर्दी असली की लोक पोती तिथेच सोडून घरी जातात. पोत्याच्या तोंडाला आपापली खूण बांधलेली असते. कुणाची जुन्या लुगड्याची चिंधी, कुणाची सुतळीची दुहेरी गाठ. घरादाराचं वर्षाचं खाणं जयवंतीताईच्या भरवशावर.

गेल्या वर्षी अशाच ऐन गर्दीत कंपनीचा नवा माणूस आला. पंकज त्याचं नाव. त्याने चहा बाजूला ठेवला.

"ताई, नियम बदललेत. आता नुसता फोटो चालत नाही. बाटला भरलेला पाहिजे, आणि तो चालवता येणारं माणूस गिरणीत पाहिजे." असं म्हणत त्याने अंगठ्याने माझ्या घड्याळावरचं कुंकू पुसलं.

"अहो, अहो! पूजेचं कुंकू आहे ते!" जयवंतीताई धावली.

काटा लाल पट्ट्यात आडवा पडला होता.

"हा तर मेलाय, ताई."

"तोंड आवरा! दर दसऱ्याला पूजतो आम्ही त्याला."

"पूजा करा हो, पण भरून पण घ्या. तुमच्या विम्याची मुदत आज संपते. मी बाजाराच्या दिवशी पुन्हा येतो. बाटला ठीक असला तर विमा, तोवर नाही."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तर काही मिळणार नाही."

जयवंतीताईचा पारा चढला. "इतकी वर्षं फोटोवर भागलं आणि ऐन भाताच्या हंगामात तुमचा नियम बदलला! मोठ्या कारखान्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे माणसं असतात. इथे मोटर मीच चालवायची, पोती मीच ओढायची, आणि बाटल्याची शाळा पण मीच शिकायची?"

"नियम मी करत नाही, ताई," पंकज खाली बघत म्हणाला.

तो गेल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोटर जरा गुरगुरली की ती दचकायची. गिरणी बंद ठेवावी, तर लोकांनी खायचं काय? चालू ठेवावी, तर विमा नाही. "आपलं जळालं तर जळालं," ती गोकुळला म्हणाली, "पण लोकांच्या पोटाचं काय सांगू मी?"

गोकुळ मला मांडीवर घेऊन एसटीने जव्हारला गेला. तिथल्या दुकानदाराने कात्रीने सगळे नाडे कापले, मला भरलं आणि गोकुळला शिकवलं, "पिन ओढ, मूठ दाब, आणि ज्वाळेवर नाही मारायचं, आगीच्या बुडाशी मारायचं." माझा काटा हिरव्यावर आला. अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर गोकुळने हे सगळं बायकोला सांगितलं, पण तिचं लक्ष कुठे होतं! "बोडका करून आणलात माझ्या राखणदाराला!" तिने नवा नाडा काढला आणि पिनेसकट मूठ करकचून बांधली. गाठीवर गाठ.

"अगं, पिन मोकळी ठेव..."

"गप्प बसा. याला नाराज केलं म्हणून तर हे नियम मागे लागले."

फक्त पंकजच्या धाकाने तिने घड्याळ तेवढं उघडं ठेवलं. मी आत चरफडत होतो. भरलेलं पोट आणि बांधलेली मूठ, याहून वाईट दशा नाही, मित्रांनो.

बाजाराचा दिवस उजाडला. गोकुळ पंकजला आणायला स्टँडवर गेला. गिरणी पोत्यांनी गच्च भरलेली. जयवंतीताईने मोटर सुरू केली. थोड्या वेळाने मला जळका वास आला. पट्टा घासत होता, त्याखाली कोंड्याचा ढीग साचलेला. ढिगातून धूर निघाला, आणि बघता बघता भडका उडाला.

"पाणी! पाणी आणा!" कुणीतरी ओरडलं. सावळाबाबाने हंडा उचललासुद्धा.

"पाणी नको बाबा, लाईट चालू आहे!" जयवंतीताईने झडप घालून मेन स्विच पाडला. तेवढ्यात ज्वाळा पहिल्या पोत्याच्या चिंधीपर्यंत पोचली. ताई माझ्याकडे धावली आणि तिने मला खिळ्यावरून ओढलं.

"देवाला हात नको लावू बाय! तोच बघेल इस्तवाला," सावळाबाबा कळवळून म्हणाला.

"तो कसा बघेल बाबा? मीच त्याचे हात बांधलेत!"

तिने पिन ओढली. हलेना. नाडा दातांनी तोडायला गेली, तुटेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराने की भीतीने कोण जाणे. माझा जीव नुसता तुटत होता. अगं, विळा! पोत्यांची तोंडं कापायचा विळा, तुझ्या पायाशी पडलाय! तिला तो दिसला. एका फटक्यात तिने गाठी कापल्या, बोटालाही लागलं. पिन निघाली.

मी सुटलो! पण पहिला फवारा वरच्यावर, ज्वाळांवर गेला. माझ्याजवळ श्वास तो किती? असा वाया गेला तर संपलंच सगळं. "बुडाशी, बुडाशी मार!" गोकुळचं अर्धवट ऐकलेलं आठवून ती स्वतःशीच पुटपुटली आणि खाली वाकली. मी होतं नव्हतं तेवढं सगळं ओतलं. गिरणी पांढरीफटक झाली. माझा फुसफुसाट थांबला, तेव्हा आगही बसली होती.

पट्टा गेला, मोटर काळी पडली. भात मात्र वाचलं, सगळंच्या सगळं. सावळाबाबा आपल्या पोत्यावर हात ठेवून लहान मुलासारखा रडला.

गोकुळबरोबर पंकज दारात आला तो तोंडाचा आ वासूनच. मग त्याने मला उचलून काटा बघितला आणि चाचरत म्हणाला, "ताई, बाटला रिकामा आहे. नियमाने आजही विमा देता येत नाही."

"म्हणजे काम केलं म्हणून तो नापास?"

पंकज पुन्हा माझ्या काट्याकडे बघू लागला.

"मग बघत काय उभे राहिलात? जव्हारची गाडी सुटेल. उचला!"

आणि मित्रांनो, तो साहेब मला खांद्यावर टाकून निमूट निघाला. भरून आणलं त्यानेच, टांगलंही त्यानेच. बाटला चालवता येणारं माणूस कोण, हे त्याने विचारलं नाही. जयवंतीताईच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघून त्याने तिचंच नाव लिहिलं. विमा झाला. जळक्या मोटरची भरपाई मात्र मिळाली नाही, ती नाहीच.

पुन्हा दसरा आला. जयवंतीताई नाडा घेऊन माझ्यासमोर थबकली. मग तिने तो खिळ्याला बांधला आणि कुंकू भिंतीला लावलं. सावळाबाबा पोतं ठेवून आला, खांद्यावरच्या टॉवेलने त्याने माझं घड्याळ पुसलं, डोळे बारीक करून काटा बघितला. "हिरवा आहे," असं तिला ओरडून सांगितलं, आणि मग मला हात जोडले.

तुमच्या जिन्याखालच्या माझ्या भावंडाजवळ उद्या जाल ना? हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण त्याआधी त्याची धूळ पुसा आणि काटा बघा.