कानसेनची हवा

ट्रकच्या टायरात हवा किती भरायची, हे त्या ट्रकअड्ड्याच्या आवारात एकच माणूस ठरवायचा, आणि तोही खुर्चीत बसून. बायको टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, हाणायची आणि हा डोकं कलतं करून सांगायचा, "अजून दहा." नाहीतर, "सोड थोडी." नाहीतर नुसतंच, "हं." हं म्हणजे एकशे दहा पौंड, बरोब्बर. ड्रायव्हर त्याला कानसेन म्हणायचे आणि बायकोला वहिनी. हवा मोजायचं गेज होतं त्याच्याकडे, पण ते घरी पेटीत, कुलपाआड. "गेज कारकुनांना लागतं," म्हणायचा. काय तो तोरा!

चार वर्षांपूर्वी हवा भरताना धमाका होऊन रिमची लोखंडी कडी उडाली आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तेव्हापासून काम तिचं आणि नाव त्याचं. जॅक ती लावायची, नट ती सोडायची, पाना फिरत नसला तर त्यावर उभी राहून फिरवायची. सकाळी गाड्या निघायच्या आधी, टायर थंड असताना, हवा बघून घ्यायची, कारण पळून आलेला गरम टायर कधी खरं बोलत नाही. एवढं सगळं करून वर बोलणी खायची. "बाईला कान नसतो," हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा म्हणायचा, आणि समोर ड्रायव्हर असले तर सहादा.

खरं तर तिला कान आला होता. हजारो टायर बडवल्यावर भिंतीलाही आला असता. हवा कमी असली की आवाज बद्द यायचा आणि तिचं तोंड आपोआप आंबट व्हायचं. जास्त झाली की आवाज चिरका आणि तिच्या भुवया वर. बरोबर असली की ती शांत. पण हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं?

मग तिची अक्कलदाढ दुखायला लागली.

त्या सोमवारी तिचा गाल सुजला होता आणि तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं. एका जाड्या ड्रायव्हरची दहा टायरी गाडी उभी होती. सगळे त्याला ढोल म्हणायचे. तिनं पहिला टायर हाणला. टण्ण! खणखणीत. कानसेननं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कमी आहे. भर."

तिला वाटलं, दाढेमुळं आपलाच कान बिघडला असेल. भरली. पुन्हा हाणला. "अजून भर." असं करत दहाही टायर भरले. ढोलकडं स्वतःचं नवंकोरं गेज होतं. निघताना त्यानं सहज लावून बघितलं आणि बोंबलत सुटला, "अरे, एकशे पस्तीस! मारायला निघालात का मला?"

मुकादम धावत आला. आवारात कुणाला ठेवायचं आणि कुणाला हाकलायचं, ते त्याच्या हातात. कानसेन खुर्चीतून हललाही नाही. "मी केव्हाच हं म्हटलं होतं," तो म्हणाला. "हीच भरत बसली. बाईला कान नसतो, मी काय करू?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना, अजून भर म्हणून?"

"वर तोंड करून खोटं बोलते! मुकादम, एक तारखेपासून माझा चुलतभाऊ येईल कामाला. ही घरी बसून दोघांच्या भाकऱ्या थापेल."

सगळे हसले. मुकादमानं मान डोलावली, झालं. चार वर्षं जिनं पान्यावर उभं राहून नट सोडले, तिचा निकाल एका मानेच्या डुलण्यात लागला. तिला रडू आलं नाही. संताप आला, डोक्यात जाणारा संताप. तिला ते काम हवं होतं. दिवसभर घरात त्याच्या भाकऱ्या थापत बसायचं नव्हतं.

संध्याकाळी तिनं दाढ उपटून घेतली. चार दिवसांनी सूज उतरल्यावर ढोलच्या गाडीचे तेच टायर हाणले, तर कानसेनचा अंदाज पुन्हा अचूक! ती टॉमी हातात धरून उभीच राहिली. टायर तेच, आवाज तोच. बदललं काय? फक्त तोंड.

घरी तिनं त्याच्या पाठीमागं उभं राहून साध्या आवाजात विचारलं, "वाढू का?" तो गप्प. "अहो, वाढू का?" तरी गप्प. आजवर तिला वाटायचं, मुद्दामच ऐकत नाही. नवरे कुठं ऐकतात? आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या धमाक्यानं हात नेला ते सगळ्यांनी बघितलं, कान नेला ते कुणालाच दिसलं नाही. चार वर्षं हा माणूस समोरच्याचे ओठ वाचून उत्तरं देत होता आणि तिच्याच तोंडावरचा आकडा वाचून तिलाच शिव्या घालत होता!

क्षणभर तिला त्याची कीव आली, नाही असं नाही. मग "खोटं बोलते" आठवलं आणि कीव गेली.

महिनाअखेरीला सकाळी मुकादम, ढोल आणि चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. तिनं आधीच ढोलच्या गाडीच्या मागच्या टायरातली हवा सोडून ठेवली होती. "मुकादम, जाता जाता एक टायर बघून जाते," ती म्हणाली आणि टॉमी हाणली.

बद्द. गादीवर काठी मारावी तसा आवाज. चहावाल्यानंसुद्धा वळून बघितलं. तिचं तोंड मात्र एकदम शांत, समाधानी.

कानसेननं तिच्याकडं नीट बघितलं. डोकं कलतं केलं. "हं," म्हणाला. "झकास! एकशे दहा. जाऊ दे गाडी."

ढोलनं गेज लावलं. साठ.

कुणी काही बोलायच्या आत ती कानसेनच्या मागं जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, उठा. तुमची खुर्ची पेटलीय."

तो तसाच ऐटीत बसलेला. आधी ढोल फस्सकन हसला, मग सगळेच. पोट धरधरून हसले. सगळे हसताहेत हे बघून कानसेनही हसायला लागला. काहीतरी मस्त विनोद झाला असणार, आपण मागं कशाला राहायचं? सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

चुलतभाऊ आला नाही. काम तिचं झालं, गेज पेटीतून बाहेर आलं. मुकादम म्हणाला, "वहिनी, आता त्याला घरीच राहू द्या." ती म्हणाली, "नको, बसू द्या. तेवढीच करमणूक."

आता रोज सकाळी ती तोंडावर रुमाल बांधते. धूळ फार उडते, म्हणते. टायर हाणते आणि वळून त्याला विचारते, "कसा वाटतो?" रुमालावर नुसते दोन थंड डोळे. तो घाबरून ड्रायव्हरांच्या तोंडाकडं बघतो, तर तेही तोंड फिरवतात, मुद्दाम. मग काहीतरी ठोकून देतो. "सोड थोडी." ती गेज लावते, आकडा मोठ्यानं वाचते आणि आवार हसतं.

एकदा घरी तो तिच्या मागं येऊन उभा राहिला. ती पोळ्या लाटत होती. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटलं, पण शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं.

"उद्यापासून तोंड बांधू नकोस गं. थोडं दिसू दे मला."

तिचं लाटणं थांबलं. तोंड भिंतीकडंच ठेवून ती सावकाश म्हणाली, "बाईला कान नसतो."

आणि पुन्हा लाटायला लागली. तो तिच्या पाठीकडं बघत उभा राहिला, ती काय म्हणते याची वाट पाहत.