हसवणारे गोरोबा

“ड्यूटी तुझी, टाकीभर दूध नासलं तुझ्यासमोर, आणि वर तोंड करून मलाच शिकवतीस?” रणधीरसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

जळकोटजवळच्या त्या दूध शीतकरण केंद्रात सोमवारची मिटिंग म्हणजे कोणाची तरी खरडपट्टी ठरलेलीच. आज पाळी शुभांगीची होती. लाईट गेल्यावर तिनं जनरेटर लावून घेतला नाही, असा ठपका. पोरीची नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे खाली माना घालून नखं बघत होते.

जनरेटर बघणारे गोरोबा कोपऱ्यात बसले होते. डिझेल वाचवायला जनरेटर बंद ठेवायचा हुकूम खुद्द साहेबांनी त्यांना फोनवर दिला होता. पण गोरोबांची पंचाईत अशी, की मिटिंगमध्ये ते तोंड उघडायचे ते फक्त हसवायला. साहेब भडकले की हे कोणाची तरी नक्कल करायचे, खोली खदखदायची, साहेबांचा पारा उतरायचा. त्यामुळं त्यांना कधी कोणी झापलं नाही. ते त्यांना आवडायचंही, उगाच खोटं कशाला बोला!

आज मात्र ते उभे राहिले.

“साहेब, पोरीची चूक न्हाय. जनरेटर म्या बंद ठिवला. तुमीच फोनवर सांगितलं व्हतं.”

मग रणधीरसाहेबच खो खो हसले. “झाला का गोरोबा सुरू! आता माझा आवाज काढणार बघा!”

बस्स, सुटले सगळे. टँकरवाला शरणप्पा तर मांडीवर थापा मारत हसला. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, पण मेल्यांना हसणंच सोयीचं होतं.

“हसू नगा! आईशप्पथ, खरं बोलतोय!” गोरोबा ओरडले. आवाज चिरकला, तसा हशा आणखी वाढला.

“आज लई रंगात हाय गड्या!” शरणप्पा डोळे पुसत म्हणाला.

हशा ओसरला तेव्हा साहेबांचा राग पार निवळला होता. “उद्यापासून येऊ नकोस,” ते शुभांगीला अगदी शांतपणे म्हणाले.

बाहेर स्कूटीजवळ गोरोबांनी तिला गाठलं. “पोरी, म्या खरंच...”

“ठाऊक हाय, काका.” तिनं ओढणी तोंडाला बांधली. “साहेब रागात व्हते तवर भांडता तरी येत व्हतं मला. सगळे हसल्यावर कुणाशी भांडू?”

ती निघून गेली. चहा आला होता, म्हणून गोरोबा आत गेले. त्यांना दारात बघताच, ते काही बोलायच्या आधीच, दोघं-तिघं हसायला लागले. गोरोबांनी कप उचलला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.