पहिला थांबा इंदुरी

रिसॉर्टच्या काउंटरवर उभं राहून वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळणाऱ्या बाईला एकदा स्वतःची सुट्टी हवी असेल, तर त्यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. ही बाई, अपेक्षा, हे स्वतःला इतक्या वेळा बजावायची, की शेवटी तिचाच त्यावरचा विश्वास उडाला.

मुलीची, सृष्टीची, परीक्षा संपली की लोणावळ्याहून गाडीनं थेट जम्मू गाठायचं होतं. नवऱ्यानं, अमृतनं, सगळा बेत राज्याराज्यानं आखायला घेतला होता. रोज जेवताना एक राज्य. मुक्काम कुठं, डिझेल कुठं, कुठला टप्पा दिवसाउजेडी उरकायचा, सगळं ताटावरच ठरायचं. सासरे अंबाजी, घरातले आबा, भाकरी कुस्करत ऐकत बसायचे.

महाराष्ट्राच्या दिवशी अमृत म्हणाला, "तळेगाववरून चाकणला जाऊ, तिथून नाशिक, धुळे. पहिला थांबा इंदुरी."

इंदुरी हे त्यांचं गाव. तिथं चुलतभाऊ कैलासकडे आबांना उतरवायचं आणि आपण तिघांनी पुढं जायचं, हे नवराबायकोत केव्हाच ठरलं होतं. आबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

आबांनी ताटावरून मान वर केली. "बरं केलंस. देवीला नारळ वाढवूनच निगू. येवढ्या लांब जायाचं म्हंजी तिला सांगून गेल्यालं बरं."

अमृतनं अपेक्षाकडे पाहिलं आणि अपेक्षानं आमटीकडे. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ताटावर बसलेल्या माणसाला असं कसं सांगायचं, असं म्हणून तिनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली. अमृतनं तर मध्य प्रदेशच काढला. बापाशी काही अवघड बोलायची वेळ आली की याला नेहमी दुसरं काहीतरी सुचतं.

खरं तर न नेण्याचं कारण तिनंच स्वयंपाकघरात अमृतला पुरवलं होतं. "आबांना एवढं बसवणार नाही रे. अर्ध्या अर्ध्या तासाला लघवीला उतरावं लागतं त्यांना." अमृतनं मान डोलवली, त्यालाही बरंच झालं. कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. तिला डॅशबोर्डवर पाय टाकून बसायचं होतं. भसाड्या आवाजात गाणी म्हणायची होती. थोडे दिवस कुणाचीही सून असायचं नव्हतं. आबा बिचारे कधी तिला वाकड्यात बोलले नव्हते, आणि हेच तिला जास्त छळत होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती कामावरून आली तर आबा घरात नव्हते. काळजी वाटायला लागली तोच ते जिना चढून वर आले, हातात गाडीची चावी.

"आबा, कुठं होतात?"

"मध्य परदेशात," आबा म्हणाले आणि स्वतःच हसले. "काल म्हाराष्ट्र केला. खाली गाडीत बसतो, पट्टा लावून. लय येळ बसलो आज. उतरलो न्हाई."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, की आबांनी दुपारचा चहा सोडला होता. तिला वाटलं होतं, पित्त झालं असेल.

पुढं राजस्थान झालं, हरयाणा झाला. आबा वर येऊन हिशेब दिल्यासारखं सांगत, आणि ती "हो का? वा!" म्हणत कुकर लावत राही. रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज ते गुडघे दाबत, खुशीत जिना चढून येत आणि तिचा धीर सुटे. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

रविवारी मात्र ती खाली गेलीच. पार्किंगमध्ये आबा मागच्या सीटवर ताठ बसले होते, टोपी, उपरणं, पट्टा सगळं जागच्या जागी. ती पलीकडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"कुठवर आलात आबा?"

"पंजाब सपत आला."

"आबा, इंदुरीला आपण..." तिनं समोरच्या सीटकडे बघत वाक्य पुरं केलं. "नारळासाठी नव्हतो थांबणार. तुम्हाला कैलासभाऊजींकडे ठेवून आम्ही पुढं जाणार होतो."

आबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "ठावं हाय. कैलासनं फोन केलता. इचारत हुता, आबा, खाट पडवीत टाकू का आत."

"कधी?"

"झालं की लय दिस. म्हाराष्ट्र करायच्या आदी."

"मग रोज इथं येऊन का बसता?"

"तू म्हणालीस ना अमृतला, बसवणार न्हाई म्हणून. ऐकलं म्या." ते जरा ओशाळले. "म्हनलं, जम्मूपातूर बसून दावावं. मग तूच म्हणशील, चला आबा."

आता फक्त दोन शब्द म्हणायचे होते. मागची अर्धी सीट रिकामीच जाणार होती, आणि बसवत नाही हे कारणही उरलं नव्हतं. अपेक्षानं तोंड उघडलं. पण डॅशबोर्डवर टाकलेले आपले पाय तिला डोळ्यांपुढं दिसले आणि शब्द आलेच नाहीत. एवढं ऐकूनही आपल्याला यांना न्यायचं नाहीय, हे कळून ती हादरली.

आबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पट्टा चाचपायला लागले. त्यांना बटण सापडेना. तिनंच ते दाबून पट्टा सोडवला.

"जम्मू ऱ्हायलं तेवढं," आबा म्हणाले. "ते कैलासच्या पडवीत बसून करीन. पर नारळ आणायला इसरू नका. तुमी सुकरूप माघारी यावं म्हणून म्याच वाढवीन."

"हो आबा," ती म्हणाली. खोली रिकामी असताना 'सॉरी सर, फुल्ल आहे' सांगायचा काउंटरवरचा तिचा गोड आवाज असतो ना, अगदी तोच आवाज आला.