'मिसिंग'ची फाटलेली ओळ

मित्रांनो, मी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणारा एक जुना कोश आहे. कराडजवळच्या एका गावच्या शाळेत माझे आयुष्य गेले. जोतीराम गुरुजी सुरुवातीला मला कापडात गुंडाळून ठेवत. पुढे कपाटाचा एक पाय मोडला आणि त्यांनी मलाच त्याखाली सारले. दोन पावसाळे मी ओल्या जमिनीवर काढले. माझी पाने एकमेकांना चिकटली.

१९४२च्या उन्हाळ्यात एका सकाळी केरबा तार घेऊन शाळेत आले. त्यांचा मुलगा कृष्णात मलायाच्या लढाईवर होता. मागे सून राहीबाई, पदर तोंडाशी धरून उभी. तार म्हणजे मरण, एवढेच गावाला ठाऊक. घरी बायका रडायला जमल्याही होत्या.

गुरुजींनी कृष्णातचे नाव वाचले, पलटण वाचली आणि 'मिसिंग' या शब्दापाशी ते अडले. 'मिस' म्हणजे चुकणे. गाडी चुकते, नेम चुकतो, पण माणूस?

कपाट उचलून मला बाहेर काढले. नेमके तेच पान चिकटलेले. गुरुजी पात्याने ते सोडवू लागले, तेव्हा माझा जीव गोळा झाला. एक शब्द जरी गेला, तरी या बाईचे काय होईल?

पान सुटले, पण अर्धी ओळ फाटून गेली.

"हरवलेला," गुरुजी वाचू लागले, "ठावठिकाणा न लागलेला, लढाईत..."

"लढाईत काय?" केरबांनी विचारले.

"पुढचं फाटलंय." गुरुजींनी मान खाली घातली.

राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, धनी गेलं असं लिवलंय का त्येच्यात?"

"उरलंय त्यात तरी नाही."

"मग मी बांगड्या फोडायची न्हाई."

"पोरी, फाटलेल्यात तसं असलं तर?" केरबा म्हणाले.

दर बाजाराच्या दिवशी ती यायची आणि तेच पान पुन्हा वाचून घ्यायची. केरबांना मात्र ती अर्धी ओळ खात राहिली. त्यांचे अन्न सुटले, आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले. १९४५च्या हिवाळ्यात कृष्णात बंदिवासातून परत आला. हाडांचा सापळा झाला होता, पण जिवंत होता. बापाची गाठ पडली नाही.

मित्रांनो, त्या फाटलेल्या ओळीत काय होते, ते मला माहीत होते. 'लढाईत बेपत्ता झालेला. जिवंत आहे की नाही हे न कळलेला.' बस्स, एवढेच. केरबांना धीर यायला कदाचित तेवढे पुरले असते; पण मला तोंड नव्हते. म्हणून सांगतो, पुस्तकाला कोरड्या जागी ठेवा. कोणाच्या दारात कोणता शब्द कधी येईल, हे कोणालाच ठाऊक नसते.