लिव्हर कोणाचं मोठं

कोरियन भाषेच्या परीक्षेसाठी सपनानं सगळं किन्हीराजा गाव कामाला लावलं: वाक्प्रचार लक्षात राहावेत म्हणून प्रत्येकापुढे गावातल्या कोणाचं तरी नाव. कोरियनमध्ये ‘हात मोठा’ म्हणजे सढळ हाताचा. वहीत त्यापुढे आईचं नाव, कारण आई रोज दोन भाकरी जास्तीच्या थापते. ‘कान पातळ’ म्हणजे कोणाचंही ऐकून खरं मानणारा. तिथं शेजारच्या वैजयंतीकाकू.

एक दिवस काकू तणतणत आल्या. “माह्यं नाव लिहून राह्यली म्हणे तू! खोड ते.”

“तुमी वही पाह्यली काय, काकू?”

“कायले पाहू? लोकं सांगून राह्यले ना!”

“मंग तर नाईच खोडत.”

‘लिव्हर मोठं’ म्हणजे हिंमतवान. त्यापुढची जागा महिनाभर रिकामी होती. काकूंच्या डोळ्यांदेखत सपनानं तिथं स्वतःचं नाव लिहिलं.