पिवळा ठिपका

सॅन्टनला पापडी गावात सगळे गाड्यांचा डॉक्टर म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याचा त्याला माज चढला होता. वटारच्या पॉलचा डिझेल टेम्पो भर रस्त्यात बंद पडला, तेव्हा त्याने जाऊन बघायचीही तसदी घेतली नाही. फोनवरच निकाल दिला, "इंजिनाचा टायमिंगचा पट्टा गेलाय. तुझ्या जॅक्सनने गाडी पिदडली असणार, दुसरं काय!"

पॉलने मित्राचा शब्द खरा मानला आणि पोराच्या हातून चावी काढून घेतली. वाडीतली केळी-भाजी बाजारात पोचवणं, एवढंच काम जॅक्सनला मनापासून आवडायचं. मग घरात रोज धुसफूस. महिन्याभरात पोरगा दोन वर्षांच्या करारावर बहारीनला निघून गेला. त्यानंतर कुठे पॉलने टेम्पो ओढत गॅरेजात आणला.

सॅन्टनने स्टार्टर मारला. इंजिन नुसतंच भरभर फिरलं, दम म्हणून नाही. म्हणजे पट्टा सुटून आतले व्हॉल्व्ह वाकले होते. पुढचं झाकण काढलं तर पट्ट्याचे दात सोलून निघालेले. 'म्हटलं नव्हतं?' असं तो म्हणणार, तोच पट्टा ताणून धरणारी पुली हाताला लागली. ती जाम झाली होती. बेअरिंग जळून काळं पडलं होतं. पट्टा तिनेच खाल्ला होता.

आता, सॅन्टनची एक पद्धत होती. नव्या बसवलेल्या प्रत्येक पार्टवर तो ऑइलपेंटचा पिवळा ठिपका द्यायचा. पट्ट्यावर ठिपका होता. पुली त्याने रॉकेलच्या फडक्याने तीनदा पुसली. ठिपका नव्हताच.

मग सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला खुर्च्या न्यायच्या म्हणून पॉल घाईला आलेला. पट्टा नवा बसवला, पण दुकानात पुली नव्हती. सॅन्टनने जुनीच ठेवली, सणानंतर बदलू म्हणाला आणि साफ विसरला. त्याहून वाईट म्हणजे, गाडी बंद पडायच्या आधी जॅक्सन दोनदा गॅरेजात आला होता. "अंकल, पुढून किरकिर येते." यावर सॅन्टन म्हणाला होता, "गाणी बंद कर, किरकिर बंद होईल." सगळं गॅरेज हसलं होतं. जॅक्सनही ओशाळून हसला होता.

जुनी पुली भंगारात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? सॅन्टनच्या मनात आलंच ते. त्याने हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बदलले, नवा पट्टा, नवी पुली बसवली, टायमिंगच्या खुणा जुळवल्या, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं. दोन्ही पार्टवर ठिपके दिले. जुनी पुली मात्र बाकड्यावरच राहिली.

पॉल आला. "काय झालं होतं रे?" त्याने सहज विचारलं, पण चोराच्या मनात चांदणं.

"पोराची चूक नव्हती, पॉल. माझी होती." सॅन्टनने पुली त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

पॉलने पुली बोटाने फिरवून पाहिली. फिरली नाही. मग त्याने बहारीनला फोन लावला आणि सॅन्टनपुढे धरला. "त्याला सांग."

सॅन्टनने सांगितलं. माफीही मागितली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

"अंकल," जॅक्सन म्हणाला, "आता येतो का तो आवाज?"

सॅन्टनने इंजिन चालू करून फोन जवळ धरला.

"नाही येत," जॅक्सन म्हणाला. पण फोन त्याने ठेवला नाही, ऐकतच राहिला. पॉल टेम्पोच्या उघड्या दारातून ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होता. ती अजून जॅक्सनच्याच मापाला पुढे सरकवलेली होती.